खालची बाजू

सातपूरला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत
इलियासभाईंच्या खड्ड्यात उतरायला चार पायऱ्या.
वर माझी गाडी.
सहा वर्षं श्रीवर्धनला, बँकेमागच्या सुरूंखाली उभी राहिलेली,
वरून अजून निळी.

भाईंनी तारेला बांधलेला दिवा आत नेला,
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं. ठण्ण.
हातभर पुढे पुन्हा ठोकलं. ठप्प.
म्हणाले, मॅडम, ही समुद्राकडची ना?
आपल्याकडचा गंज कोरडा,
भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलून येतो.
हा आतून फुगलाय. ह्याला अजून तहान आहे.

मी वाकून पाहिलं.
इतकी वर्षं काचा पुसल्या, आरसे पुसले,
कावळ्यांच्या घाणीसाठी वेगळं फडकं ठेवलं.
खालीही काही असतं
हे फक्त गतिरोधकांना माहीत होतं.

एक खपली तळहातावर पडली.
भाईंची पाठ वळल्यावर मी ती जिभेला लावली.
खारट. अजून.
भरतीच्या वेळचा दुपारचा वारा,
वलांडीवर बोंबील वाळवणारी सुगंधा चोगले,
हप्त्याला तिनं आणलेल्या दमट नोटा,
मोजताना बोटांना चिकटणाऱ्या,
सगळं घाट चढून आलं होतं माझ्यासोबत
टोल न भरता.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
लोखंड जागलं.
रात्रीसुद्धा जागलं, मी वर फ्लॅटमध्ये
पंखा चारवर ठेवून झोपले होते तेव्हा.

घरी अण्णांना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय.
ते काडेपेटीत चिमूटभर लपवतात,
देवघरात, उदबत्तीच्या पुड्यामागे.
मला माहीत आहे.
मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.
पावलं सुजली की मोजे वर ओढून घेतात,
थंडी वाढली म्हणतात, निफाडला पारा बघ.

पहिला दिवस नुसत्या धुण्यात गेला.
चाकांच्या कमानीत, दांड्यांच्या पोटात
पाणी, पाणी, परत पाणी.
दुसऱ्या दिवशी काहीच नाही. पंखा.
मी म्हटलं, आजच काळं मारून टाका ना,
मला परवा ऑडिट आहे.
भाई हसले नाहीत.
ओल्यावर मारलं तर दिसेल झकास,
आणि ते आत बसून निवांत जेवेल.

तिसऱ्या दिवशी तारेचा ब्रश, लाल प्रायमर,
सायलेन्सरला जुन्या पेपरची बंडी:
द्राक्षांचे भाव, कुणाचं तरी प्रथम पुण्यस्मरण,
अर्धं सोडवलेलं शब्दकोडं.
मग काळा, जाड, डांबराच्या वासाचा फवारा.
दाराखालची बारीक भोकं
तौसिफ बुजवायला निघाला, सफाईच्या भरात,
तेव्हा भाई ओरडले,
तीन दिवसांत एकदाच:
ती सोड! पाणी जायची वाट आहे ती.
बुजवलीस तर दोन पावसाळ्यांत दार हातात येईल.

मग एकेका भोकात आगपेटीची काडी खोचली.
फवारलं. वाळल्यावर काड्या काढून घेतल्या.
अकरा. मी मोजल्या.

साडेसहा हजार, म्हटलं मी घरी.
अण्णा म्हणाले, खालून?
हो, खालून.
बघणार कोण?

देवघर पुसताना काडेपेटी कानाशी हलवून पाहिली.
मीठ वाजत नाही.
होती तिथे ठेवून दिली.

जेवताना अण्णांनी आईचा विषय काढला,
शेवटच्या महिन्याचा, त्या सलाइनच्या रात्रीचा.
एरवी मी एवढ्यात टीव्ही लावते.
माझ्या नखांत काळं होतं अजून,
रिमोट हाताशीच होता.
ते बोलत राहिले.
वरणाला चव नव्हती.
मी आणखी एक वाटी घेतली.